पुसलेला चेंडू

स्वच्छतेची खोड मला लहानपणापासून आहे, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तिच्यापायी मी एकदाच कायमची ओशाळले, हॅनोव्हरजवळच्या एका गावात. ते अजून सलतं.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. खाली घरमालक, सत्तरी ओलांडलेले, एकटे. गावात हँडबॉलचा क्लब होता, देशातल्या पहिल्या चार-पाचांतला. हॉलमध्ये मालकांच्या अख्ख्या मोसमासाठी दोन खुर्च्या राखलेल्या असत. एक त्यांची, एक बायकोची. ती वारल्यावरही त्यांनी ती सोडली नव्हती, रिकामी ठेवत.

खुब्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. फक्त झाडांना पाणी घालायचं होतं. पण फडताळावर एक चेंडू दिसला, काळपट, चिकट, धूळ बसून खरबरीत झालेला. पकड बसावी म्हणून खेळाडू बोटांना राळ लावतात एवढं मला ठाऊक होतं. राळ म्हणजे शेवटी झाडाचा चीकच, आणि फणसाचा चीक कशाने जातो हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. वरून खोबरेल तेल आणलं, तासभर घासलं आणि चेंडू लख्ख करून जागेवर ठेवला. वर स्वतःवर खूशही झाले.

ते घरी आले त्या दिवशी मी सूप घेऊन खाली गेले. चेंडू त्यांच्या मांडीवर होता.

"हा तुम्ही पुसलात?"

"हो. फार चिकट झाला होता."

"आल्झो," ते म्हणाले, 'असं आहे तर' या अर्थाने. "माझा मुलगा क्लबकडून खेळायचा. हा त्याच्या शेवटच्या सामन्यातला. पुढच्याच आठवड्यात मोटारसायकलच्या अपघातात गेला. यावर त्याची बोटं उमटली होती. चार वर, अंगठा खाली."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि सूप टेबलावर ठेवायला सांगितलं. पुढचे तीन आठवडे जिन्यात भेटलो की 'गुटन टाग', बस. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी बेल वाजवली. "कुबड्यांनी हॉलच्या पायऱ्या चढवत नाहीत. याल?"

मी त्यांना धरून आत जागेपर्यंत नेलं आणि उभीच राहिले. त्यांनी बायकोच्या खुर्चीवर हात ठेवला, तेव्हा मी बसले. खेळाडू बुटाला लावलेली राळ बोटांवर घेत आणि पुन्हा धावत. आपला क्लब जिंकला. सगळा हॉल उठला, आम्ही दोघं सोडून.

सामन्यानंतर खेळाडू कठड्याकडेने फिरून प्रेक्षकांच्या हातावर टाळी देतात. आम्ही पहिल्याच रांगेत होतो. एका उंच पोराने मला टाळी दिली आणि तळवा चिकट झाला. सवयीने मी पर्समधून रुमाल काढला. मालक बघत होते. मी तो परत ठेवला.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याने तळवा चाचपला.

"सामन्यानंतर त्याचा हात असाच लागायचा," ते म्हणाले.

हॉल रिकामा होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. त्या संध्याकाळी मी हात धुतला नाही. वरण-भात चमच्याने खाल्ला.