आईच्या पर्सचा आतला कप्पा

हिंगोलीच्या बसस्टँडबाहेर बसणाऱ्या बॅग दुरुस्तीवाल्यापुढे मी आईची पर्स ठेवली. गावी साखऱ्याला ती कायम चुलीजवळच्या खुंटीला असायची. आई गेल्यावर मी ती ऑफिसात नेऊ लागले, तर शेजारच्या बाई नाकाला पदर लावत.

त्याने अस्तर उलटं करून हुंगलं. "वरून सेंट काहून मारलं?"

त्याने अस्तर बोटांनी चोळून पाहिलं.

"धूर अस्तरात बसून राहिला. सिरक्यानं पुसतो, खायचा सोडा भरून दोन दिवस ठेवतो. पण ताई, गेलेला वास मला वापस आणता येत न्हाई. बराबर विचार करा."

असल्या गोष्टींत मी अडकत नाही. "काढा," म्हणाले. उठता उठता मात्र आतल्या छोट्या कप्प्यावर बोट ठेवलं. "एवढा राहू द्या."

काही न विचारता त्याने त्या कप्प्याची चेन ओढली आणि वरून चिकटपट्टी लावली.