चंद्री, राणी आणि काकींचं घमेलं

"दोगींना सारकंच." असं म्हणताना काकी दोन्ही तळहात पुढे करून एका उंचीवर धरायच्या. डावा जरा खाली आहे असं वाटलं, तर तो उचलून नीट करायच्या. हातात काही नसलं तरी.

केळव्याला त्यांची नारळी-पोफळीची वाडी. मी जनावरांची डॉक्टर. माहेर नगरकडचं, पण नवऱ्याची नोकरी बोईसरला, म्हणून स्कूटरला बॅग अडकवून एडवणपासून नवापूरपर्यंत गोठे हिंडते. माझी जीभ जरा तिखट आहे, हे आधीच सांगते. तुम्हीही या पट्ट्यात फिरलात तर लोक तुम्हाला तेच सांगतील.

काकींचा सारखेपणा हे एक प्रकरणच होतं. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे त्यांच्याकडे जेवायला असत. एकदा चांगले अंगापिंडाने भरलेले एक गृहस्थ आणि त्यांची चिमुरडी लेक शेजारी शेजारी बसली होती. दोघांच्या पानात तेवढ्याच भाकऱ्या, तेवढंच कालवण. गृहस्थ आशेने टोपलीकडे बघतायत आणि पोरगी रडकुंडीला आलेली. काकींची सून हळूच म्हणाली, "आई, पोरीला एवढं जाईल का?"

"न जाईना का. तिला कमी वाडलं असं नको वाटाया."

शेवटी बापाने लेकीच्या पानातली भाकरी उचलली आणि दोघंही सुखाने जेवली. काकी मला म्हणाल्या, "बग, पुरलं का नाय?" कपाळ माझं!

माणसांचं असं निभावून जात होतं. गोठ्यात मात्र निभेना. तिथे दोन गायी. चंद्री आपली गावठी, बुटकी, तांबूस, याच मातीतली. राणी काळी-पांढरी, संकरित, काकींच्या मुलाने हौसेने आणलेली. दोघींना पेंड-कोंड्याची भिजवलेली आंबोण एकाच घमेल्याने, काठोकाठ. चंद्री एवढी गुबगुबीत झाली होती की गाभणच राहत नव्हती. आणि राणी व्यायली, भरभरून दूध देऊ लागली आणि बघता बघता तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

एका सकाळी सुनेचा फोन आला. राणी खाली बसली होती, उठत नव्हती. आंबोणीला तोंड लावत नव्हती. मी तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडूस वास येत होता. अशा गायीच्या रक्तातली साखर दुधात निघून जाते आणि मग ती स्वतःची चरबी जाळत बसते. मी ग्लुकोजची बाटली लावली आणि काकींकडे वळले.

"काकी, ही उठली की हिची आंबोण हळूहळू दुप्पट करायची. चंद्रीची आजपासून निम्मी."

"नाय गो बाय. भेद नाय करनार मी."

"अहो, दोघींच्या पोटातली चूलच वेगळी आहे! चंद्री खाल्लेलं अंगावर साठवते. तिच्या जातीला वाळल्या गवतावर दिवस काढायची सवय. राणी अंगाला काही ठेवतच नाही, सगळं दुधात ओतते. सारखं वाढलंत तर एक सुजेल आणि एक मरेल."

काकींनी पुन्हा दोन्ही तळहात एका उंचीवर धरले. मला राग आला. "मग मारा हिला, सारखेपणाने," मी म्हणाले.

त्या राणीच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, "मी नवी सून व्हती ना, तवा जावेच्या पानात माशाची मदली तुकडी पडायची. माज्या पानात शेपटी. रोज. सासू काय बोलायची नाय, नुसती वाडायची. तवाच ठरवलं, माज्या हातून कुनाच्या पानात भेद नाय व्हनार."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण गाय समोर पडलेली होती. मी एवढंच म्हणाले, "काकी, तुमच्या सासूने तुमची भूक बघितली नाही. तुम्ही हिची बघा."

संध्याकाळी राणी उठली. काकींनी तिच्यापुढे घमेलं ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात दुपारी गेले, तर राणी मोठ्या घमेल्यात तोंड घालून उभी. चंद्रीपुढे तळाशी थोडी आंबोण. आणि तिच्या शेजारी पाटावर काकी, हातात ताट, ताटात निम्मा भात.

"हे काय, काकी?"

"तिचं निम्मं केलं ना तू. मग माजं बी निम्मं. एकटीलाच कमी असं नको वाटाया."

"तिला काय कळतंय?"

"तुला काय म्हाईत? तू काय गाय हाय?"

राणी सावरली. चंद्री सडपातळ झाली आणि गाभण राहिली. पण सून मला फाटकात गाठून म्हणाली, "डॉक्टर, गायी सुधारल्या, आई मात्र वाळल्या. काहीतरी करा." मी वाट पाहिली. चंद्रीचे दिवस भरत आले, तशी काकींना हुकूम सोडला, "पोटात वासरू आहे, आता हिची आंबोण वाढवा." ते खरंच होतं. त्या दिवसापासून काकी पोटभर जेवू लागल्या. सून दिवसभर हसत होती.

काकी गेल्या, त्याला आता पावसाळा उलटून गेला. साधा ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. मला अजून त्यांच्या फाटकाशी स्कूटर लावताना बरं वाटत नाही.

परवा गेले होते. सुनेने राणीला मोठं घमेलं दिलं, चंद्रीला लहान. चंद्रीने शेजारी पाहिलंसुद्धा नाही. खाल्लं, बसली, निवांत रवंथ करू लागली. तिला कधी वाईट वाटलंच नव्हतं, मी सांगतच होते.

मग सुनेने मला ओटीवर जेवायला वाढलं. स्वतःचं ताट घेतलं आणि गोठ्यात जाऊन चंद्रीशेजारी बसली. मीही माझं ताट उचललं आणि तिच्यामागे गेले.