आसरांच्या विहिरीतलं लिव्हरवर्ट

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे कमेंटमध्ये कृपया उतारे सुचवू नका. मी मूळची कोरेगावची, साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते. विषय लिव्हरवर्ट. ओल्या भिंतीला चिकटून वाढणारी नखाएवढी चपटी हिरवी वनस्पती. बघणारे सगळे तिला शेवाळच म्हणतात. मी आता दुरुस्त करणं सोडलंय.

कवठे महांकाळच्या बाजूला, एका वस्तीवरच्या दगडी विहिरीत मला एक वेगळंच लिव्हरवर्ट सापडलं. त्याचा डीएनए कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेना. म्हणजे नवी जात! पण आमचे गाइड सर म्हणाले, "नुसत्या डीएनएवर नाव देता येत नाही. बीजाणू दाखव." या गटात बीजाणूंवरची नक्षी बघून जात ठरवतात. आणि बीजाणू येणार कुठून? विहिरीतली सगळी रोपं मादी. किती फेऱ्या मारल्या, भिंगानं दगड न् दगड पाहिला... नर एकही नाही.

वस्ती हौसाआक्कांची. मेंढरं कमी करून त्यांनी आता डाळिंब लावलंय. मी पहिल्यांदा रोपं खरवडली तेव्हा त्या काठावर उभ्या होत्या. विहिरीत आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले सात दगड आहेत.

"बाय, हितनं कायबी न्हेलं तर पानीबी संगं न्यायचं आस्तंय. आसरांची हिर हाय."

बळंच बाटली भरून दिली. मी हसत घेतली, आणि वर कबूल करून बसले – "आक्का, नवी जात निघाली तर तुमच्या वस्तीचं नाव देईन." झालं! तेव्हापासून दर आठवड्याला फोन. "आलं का गं नाव?"

लॅबमध्ये रोपं काचेच्या झाकणाखाली ठेवली, डिस्टिल्ड वॉटरवर. वर्ष गेलं, बीजाणू नाहीत. सरांनी सांगितलं, हे प्रकरण थिसिसमधून काढून टाक. मी इतकी वैतागले की कपाटात पडलेली आक्कांची बाटली काढली आणि एका कुंडीला तेच पाणी घातलं. पण सवय जाते का! बुरशी नको म्हणून आधी ते ऑटोक्लेव्हमध्ये तापवलं, म्हणजे आमच्या भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्ये. त्यातून काहीही जिवंत राहणं शक्य नाही.

काही आठवड्यांनी त्याच कुंडीतल्या पातींत काळे ठिपके दिसले. बीजाणू! शेजारच्या कुंड्या तशाच कोऱ्या.

मी लॅबमध्ये अक्षरशः नाचले. मग बीजाणू रुजवून पिल्लांचा डीएनए तपासला आणि नाच थांबला. त्यांच्यात आईचा डीएनए होताच, पण सोबत दुसऱ्या कुणाचातरी होता. म्हणजे बाप आहे... आणि तो माझ्याकडच्या एकाही रोपाशी जुळत नाही.

सर एका शब्दात मोकळे झाले. "कंटॅमिनेशन. बाहेरून काहीतरी मिसळलंय." बाप कोण ते कळेपर्यंत हे बीजाणू याच जातीचे मानायला ते तयार नाहीत.

पुन्हा करून दाखवायचं तर पाणी संपलेलं. धावत विहिरीवर गेले, तर कालव्याचं पाणी साठवायला आक्कांच्या मुलानं तिला आतून सिमेंटचा गिलावा करून घेतलेला. सातही दगड काठावर नीट मांडलेले. रोप एकही नाही. मी तिथंच बसून रडले.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरं झाली न्हवं?"

"झाली."

"धडधाकट हायती?"

"आहेत हो. पण बाप सापडत नाही, म्हणून नाव देऊ देत नाहीत."

आक्का लय भडकल्या. "आगं, मग आईचं लाव की! ती तर तुझ्याजवळच हाय न्हवं?"

पिल्लं लॅबमध्ये छान वाढताहेत. लेबलवर अजून ‘जात अनिश्चित’च आहे. बंद काचेखाली, तापवून मारलेल्या पाण्यातून बाप आला कुठून, मला खरंच माहीत नाही. कुणाला काही सुचलं तर सांगा. फक्त कंटॅमिनेशन म्हणू नका... ते मी रोज ऐकते. आणि आठवडा झाला की आक्कांचा फोन येतोच.

"आलं का गं नाव?"