माइकशिवाय आकाराम

“मला मरावंसं वाटतंय हे मी माइकवर सांगितलं असतं, तर पब्लिकनं टाळ्या वाजिवल्या असत्या,” आकाराम एकदा म्हणाला.

खंडाळ्याकडचं एक लग्न उरकून आम्ही मांडवात वायरी गुंडाळत होतो. मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. तो लोकांना हसवायचा आणि मी त्याच्या मागं ॲम्प्लिफायरपाशी बसून वीस वर्षं हसत आलो होतो. एवढी सवय झाल्यावर माणूस ऐकत नाही, नुसता हसतो.

आकाराम निवेदक. लग्नात पाहुण्यांची नावं पुकारायचा, कुस्तीच्या मैदानात पैलवानांची ओळख करून द्यायचा. खंडाळ्यापासून आटपाडीपर्यंत त्याचा आवाज ओळखणारे हजारो, चेहरा ओळखणारे थोडे. आवाज मूळचा आटपाडीच्या माळावरचा. वडील नाथाजी मेंढरं घेऊन फिरायचे आणि चुकलेल्या मेंढराला हाक मारायचं काम याच्याकडं असायचं. माणसंही तशीच, नाव घेतलं की मान वर करतात, असं तो म्हणायचा. पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, वजन, सगळं त्याला तोंडपाठ. कुणाचीही ओळख तो अशी करून द्यायचा की त्या माणसाला स्वतःबद्दल नव्यानं आदर वाटावा.

त्या लग्नानंतर महिन्याभरानं तो तासगावात माझ्या दुकानात आला. मखमली पिशवीतला स्वतःचा माइक माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, तुझ्याकडं असू दे. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. त्या माइकवर माझा जुना डोळा होता. मी तो लगेच जोडून ‘हॅलो, हॅलो’ करून पाहिलं. आकाराम दारात उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको मंगल दुकानात आली. कपाटातला माइक बघून तिनं विचारलं, हा इथं कसा. मी कौतुकानं सांगितलं. ती स्टुलावर बसली.

“भावजी, परवा घड्याळ माझ्या भावाला दिलं त्यांनी. आता ह्यो माइक. असं कोण वाटत सुटतं?”

तेव्हा मला मांडवातलं ते वाक्य आठवलं. पाठोपाठ माझं हसणंही आठवलं. वाक्य मी तिला सांगितलं, हसणं सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मंगलनं त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. दवाखान्यात न्यायचं काम मी मागून घेतलं. आमच्याकडं दवाखान्यात जो सोबत जातो तोच बोलतो. पेशंटनं जीभ दाखवायची, बाकीची कहाणी सोबत्याची. मी हे इतकं मनावर घेतलं की तासगावातल्या डॉक्टरांना आकारामचं पित्त, त्याची झोप, त्याची पाठ, सगळं सांगितलं. एक सोडून. तसलं काही चारचौघांत बोलायचं नसतं, ही माझी समज. म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझं पुराण शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग त्याच्याकडं वळून सरळ विचारलं, “आकाराम, जीव द्यावा असं मनात येतं का?”

मी दचकलो. असं विचारलं की नसलेलं डोक्यात शिरतं, असं मला वाटायचं. आकारामनं ‘हो’ म्हणून मान हलवली. डोक्यावरचं ओझं उतरवायला कुणीतरी हात लावावा, तसा त्याचा चेहरा झाला. डॉक्टरांनी सांगलीच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात तिथूनच फोन लावला आणि उद्याच जा म्हणून बजावलं.

सांगलीला जाताना मी एसटीत त्याला विचारलं, कारण तरी काय?

“कारण न्हाई रं, हीच तर पंचाईत. पाय मोडला असता तर लोकांनी शहाळी तरी आणली असती.”

एवढ्यात पुढच्या सीटवरचा माणूस वळला. आवाज ओळखीचा वाटतोय, म्हणाला. मी घाईघाईनं आकारामच्या गळ्याला माझा मफलर गुंडाळला आणि याचा घसा बसलाय म्हणून सांगितलं. सांगली येईपर्यंत आमच्याकडं ज्येष्ठमधाची कांडी, मूठभर खडीसाखर आणि एका काढ्याची कृती जमा झाली होती. आकाराम खडीसाखर चघळत बाहेरच्या बेदाण्याच्या शेड बघत होता. किती शिताफीनं लपवलं मी, असं मला वाटलं.

दवाखान्यात आधी तिथल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. मग समुपदेशक संयोगिता मॅडमकडं पाठवलं. त्यांची खोली प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेली. मीही आत गेलो, आकारामच्या शेजारी बसलो आणि सुरू झालो. पाचेक मिनिटांनी मॅडमनी मलाच विचारलं, “आणि तुमची झोप कशी आहे?” मी तीही सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर सहा-सात माणसं होती. आत बराच वेळ शांतता. माझ्या धंद्यात शांतता म्हणजे कुठंतरी वायर सुटलेली. मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. मग मॅडमचा आवाज आला. तुम्ही सगळ्यांची ओळख करून देता, आज या खुर्चीतल्या माणसाची द्या, असं काहीतरी त्या म्हणाल्या.

आकारामनं घसा खाकरला, आणि समोर मैदान नाही हे तो विसरला.

“मुक्काम पोस्ट तासगाव. आकाराम नाथाजी. वय बावन्न. वजन अडुसष्ट किलो. गेल्या हंगामाला ब्याऐंशी हुतं.”

प्लायवूड थरथरलं. बाकावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. मी खोकायला लागलो. खोकणं पुरेना म्हणून रिमोट शोधून टीव्हीचा आवाज वाढवला. आयुष्यभर ज्याचा आवाज मोठा करून पोट भरलं, त्याचाच आवाज आता मी बुडवत होतो. शेजारी आटपाडीच्या भामाबाई होत्या, लेकीला घेऊन आलेल्या. त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

“आवं, खोकू नका. बोलतोय तर बोलू द्या की त्याला.”

“याला तालीम न्हाई, वस्ताद न्हाई,” आतून आवाज येत होता. “आठ महिनं झालं, रोज सकाळी याची कुस्ती लागतीया. समोरचा गडी दिसत न्हाई. हा उठायच्या आधीच चितपट. लोकांस्नी वाटतं, हा लय जोरात हाय.” मग आवाज खाली आला. माझा हात आवाज वाढवायचं बटण फिरवायला पुढं गेला खरा, पण तिथं बटण नव्हतं. “याला मरावंसं वाटतं. आता सांगतोय तर कोण टाळ्या वाजवंना, ते बरं हाय.”

मी हात मागं घेतला.

पुढचं बोलणं हळू आवाजात झालं. शेवटी मॅडमनी मला आत बोलावलं. गोळ्या मंगलच्या ताब्यात राहतील, काही दिवस त्याला एकटं ठेवायचं नाही, पुढच्या गुरुवारी यायचं. मनात ते विचार दाटले की कुणाला फोन करायचा, याची यादी आकारामनं स्वतःच्या हातानं केली होती. पहिली मंगल. दुसरा दवाखाना. तिसरा मी. वीस वर्षांची सोबत आणि तिसरा नंबर! अशा वेळीसुद्धा मला वाईट वाटलं. मग दिसलं, माझ्या नावापुढं त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं : हसतो, पण येतो.

बाहेर काउंटरवरच्या मुलीनं गुरुवारचं कार्ड पुढं केलं. सवयीनं मीच ते घेतलं आणि बोलायला लागलो, की येतो आम्ही, अकरापर्यंत पोचतो, याचा घसा जरा...

आकारामनं माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं. नीट वाचलं. सदऱ्याच्या खिशात ठेवलं. गळ्याचा मफलर सोडून माझ्या खांद्यावर टाकला, आणि दार ढकलून बाहेर पडला.