चिनी गाडीचा दसरा

ही वही चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर आधी माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे परातीत मुंगळे फिरल्यासारखं. पण रुवैसला जाऊन आले ते लिहून ठेवावंसं वाटतं. चारचौघांत सांगायला माझी जीभ उचलत नाही.

इकडे आखातात, अल कुसैसमध्ये आमचा डब्यांचा धंदा आहे. मी रांधते, हे हिशेब बघतात आणि माझे दीर विलासभाऊजी गिऱ्हाइकं बघतात. डबे पोचवायला भाऊजींनी चिनी व्हॅन घेतली. तिच्या आगाऊ रकमेत तीन हजार दिरहम कमी पडले, म्हणजे त्या वेळच्या भावाने अडतीस हजार रुपये. ते मी दिले, शिवणकामातून साठवलेले.

"वहिनी, दसऱ्याच्या ऑर्डरचे पैसे आले की पहिले तुमचे," भाऊजी म्हणाले.

शोरूमवाला सांगत होता, "जॉइंट व्हेंचर है. एक कंपनी चीन की, एक बाहर की. ट्रक भी बनाते हैं, फॅमिली गाडी भी."

"म्हणजे बिघडली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार," हे म्हणाले. आमच्या घरची भागीदारीही तशीच चालते.

दसऱ्याला पहाटे गाडीची पूजा झाली. खरा झेंडू महाग, म्हणून भाऊजींनी देऱ्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या फुलांचे जाडजूड हार आणले होते. समोरच्या जाळीवर ते चार पदरी बांधले, वर लाल कापड ताणलं. "चिनी असली तरी आता आपली आहे. शोभा दिसली पाहिजे." सीटवरचं प्लास्टिक मात्र काढू दिलं नाही. सीट जुनी होते म्हणे.

साठ माणसांच्या पुरणपोळ्या, कटाची आमटी आणि दोन बादल्या श्रीखंड घेऊन निघालो. रुवैसच्या तेलकारखान्यातल्या मराठी मंडळींना दीडच्या ठोक्याला जेवण हवं होतं. उशीर झाला तर पैसे नाहीत, असं ठरलेलं. अबुधाबी मागे पडलं. मग उजवीकडे मधूनच समुद्राची पांढरी रेघ, डावीकडे नुसती वाळू, कुंपणापलीकडे उंट. या गाडीचं इंजिन सीटखाली, त्यामुळे मी तव्यावर बसल्यासारखी. श्रीखंडाच्या बादल्या ओल्या चादरीत गुंडाळून मांडीशी धरल्या होत्या.

तरीफ गावाच्या पुढे इंजिन तापल्याचा काटा लाल रेघेवर गेला, वाफ निघाली आणि गाडी थांबली.

"चिनी माल!" भाऊजी ओरडले.

"शोरूम कुणी शोधलं?" ह्यांनी विचारलं.

"सही कुणी केली?"

दोघं भांडत होते, चादर वाळत होती. मी पुढे जाऊन पाहिलं. "भाऊजी, हारांमुळे वारा आत जात नसेल."

"वहिनी, हे मशीन आहे, चूल नाही."

चुलीचं तोंड बंद केलं तर काय होतं हे त्यांना कुठून माहीत असणार? मी चादरीवर पाणी शिंपडलं.

तेवढ्यात एक पठाण ट्रक थांबवून उतरला. त्याने गाडी बघितली आणि कपाळाला हात लावला. "ओ भाई, इसका मुँह क्यों बाँध दिया? हवा किधर से जाएगी?" त्याने कापड, हार सगळं ओढून काढलं, गाडी निवू दिली, पाणी भरलं. "यल्ला, खलास! चलो, हो गया!"

"अनुभवी माणूस!" भाऊजी म्हणाले. हेही मान हलवत होते. पठाणाला दोन पुरणपोळ्या दिल्या. त्या मी दिल्या. त्याने मात्र शहाणपणाचं श्रेय घेतलं नाही, लगेच खायला लागला.

एक पंचवीसला पोचलो. तिथल्या मोठ्या साहेबांनी चमच्याने श्रीखंड चाखलं. "घरच्यासारखं आहे," म्हणाले, आणि जागेवरच पैसे दिले.

परतताना उन्हं कलली होती. हे कॅसेट लावून गाडी चालवत होते, भाऊजी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मी लगेच ओळखलं, हारांचाच घोळ!" मग त्यांनी माझ्याकडे वळून हातात नोटा ठेवल्या. "दोन हजार नऊशे साठ. हारांचे चाळीस कापलेत, वहिनी. पूजा सगळ्यांचीच होती ना."

इतक्या लांब जाऊन मी एक गोष्ट शिकले. माझं बोलणं हळू होतं, चुकीचं नव्हतं.

"भाऊजी, चाळीस कमी आहेत."

आवाज इतका मोठा निघाला की ह्यांनी कॅसेट बंद केली. भाऊजींनी खिशातून दहाच्या चार नोटा काढल्या. मी त्या मोजून घेतल्या. तीन हजार पुरे झाले.