अंबाजीचे दात, सोनाबाईचा कोयता

आमच्या आगरदांड्याचा अंबाजी दर नारळी पुनवेला जेटीवर उभा राहून दातांनी नारळ सोलायचा. पोरं मोबाइल काढायची, बाया तोंडाला पदर लावायच्या आणि हा पुढं वर्षभर छाती काढून फिरायचा. सुपारी दातानं फोडणार, सोड्याचं झाकण दातानं उघडणार. अडकित्ता म्हणे बायकांना.

यंदा पुनव जवळ आली आणि गाल भोपळ्यागत सुजला. दुखणं सोसवेना, पण दातांच्या डॉक्टरकडं जाताना गावानं बघितलं तर मेल्याहून मेल्यासारखं. मुरूडला सगळे ओळखीचे. म्हणून त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, युक्ती काढली: खाडीपलीकडं बोर्लीला जायचं आणि कुणी विचारलंच तर भाच्याला मुलगी बघायला चाललोय म्हणायचं.

फेरीबोटीत गालाला टॉवेल गुंडाळून बसलेला अंबाजी मला बरा सापडला.

"मुलगी बघायला गाल फुगवून?" मी म्हटलं. "पसंत नसली तर तोंडानं सांगावं."

त्यानं टॉवेल नाकापर्यंत ओढला. सोनाबाई म्हणाली, "तात्या, तुमची जीभ कंदी दुखत न्हाय का?"

मग मलाही बोर्लीत काम निघालं. ते नेमकं दवाखान्याच्या बाकावरच होतं.

नाव पुकारलं तरी अंबाजी हलेना. "दात काढले तर नारळ कशानं सोलू? पुनवेला तोंड कुठं लपवू?"

सोनाबाईनं माझ्याकडं बघितलं. माझ्यासमोर बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण शेवटी हळूच म्हणाली, "अवो, तुमचे दात कवाचेच हललेत. नारळ मीच आदल्या दिशी कोयत्यानं सैल करते नि सोडण परत दाबून ठेवते. लय वर्सं झाली."

अंबाजीचा न सुजलेला गालही लाल झाला. माझ्या जिभेवर चार टोमणे आले होते. त्याचं तोंड बघून गिळले. तो उठला, दारात चपला काढल्या आणि मान खाली घालून आत गेला.

पुनवेला जेटीवर झिमझिम पावसात सगळे वाट बघत होते. पोरांचे मोबाइल तयार. अंबाजीनं नारळ सोनाबाईपुढं धरला.

"हिलाच येतो सोलता," एवढंच म्हणाला. नजर जमिनीवर.

तिनं कोयता चालवला. पोरांनी मोबाइल खिशात घातले, कुणीतरी फिदीफिदी हसलं. अंबाजीनं ऐकलं. नारळ सोलून होईपर्यंत तो तिच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः भिजत, तसाच उभा राहिला.