भुरीच्या गंजीवर चांदी

रूमवाल्या काकूनं सांगितलं, एक तं मांजर राहीन नाहीतं तू. मी चांदीले पिशवीत घातलं अन् यवतमाळहून सरळ राळेगावची एसटी पकडली. तिथून जवळच्या खेड्यात माही मोठी आई राह्यते, बाबाच्या मोठ्या भावाची बायको, कोकिळा. तिच्या घरी आधीच दोन मांजरं, भुरी अन् तिचा पोरगा काळ्या. मले वाटलं, दोनाचे तीन, काय फरक पडते!

मी दारातच पिशवी उघडायले लागली. मोठी आई ओरडली नाही, ती कधीच ओरडत नाही, फक्त माहा हात धरला.

"कायची घाई वं तुले? पराया घरात असं एकदम सोडते का कोनाले? भुरी रुसून गेली तं मी हिले नाही ठेवनार, आधीच सांगते."

चांदी गेली मागच्या खोलीत, दार बंद. समोरच्या खोलीत वेचलेल्या कापसाची मोठी गंजी, अन् भुरी झोपे त्या गंजीवरच, वर खड्डा करून. मोठी आई रोज त्या खड्ड्यातला मूठभर कापूस चांदीखाली ठेवे, अन् चांदीखालचा आणून भुरीच्या ताटलीपाशी, एकमेकीच्या वासाची सवय व्हावी म्हणून. भुरी पहिल्यांदा अशी फिस्कारली का मीच मागं सरकली. मग हळूहळू ती तो कापूस हुंगून गुमान जेवायले लागली. काळ्याचं काहीच नव्हतं, तो कुठंही जेवे. मी म्हणो, "आता सोड ना वं हिले." मोठी आई भाकर थापत म्हणे, "थांब."

अन् मोठ्या बाबानं घोळ केला. मोठी आई वावरात गेलती, तं त्यांनी गाडी बोलावली, सगळी गंजी विकायले पाठवली, अन् वरून खोली फिनाईलनं पुसून घेतली, बायको खुश होईन म्हणून! भुरी आली, रिकाम्या खोलीत फिरली, लय ओरडली, अन् छपराच्या टिनावर जाऊन बसली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीबी नाही.

"मले इचारलं असतं तं?" मोठी आई म्हणाली.

"आता मले काय मालूम, मांजरीचं घर कापसात असते!"

"तुम्हाले माहं तरी कुठं मालूम हाये."

मग ती माह्याकडं वळली. "पोरी, चांदीले घेऊन जाय." मी रडलीच. कुठं नेऊ मी हिले?

त्याच संध्याकाळी नव्या वेचणीची गाठोडी घरी आली. मोठ्या आईनं एक सोडलं, कापूस हुंगला, थोडी थांबली, अन् जाऊन मागच्या खोलीचं दार उघडलं.

"काय करून राह्यली वं?" मी इचारलं.

"हा कापूस अजून कोनाचाच नाही. ना भुरीचा, ना हिचा."

आम्ही उंबऱ्यावर बसलो, हललो नाही. चांदी दबकत आली, कापसाच्या कडेले बसली. मग टिनावरून धप्प! भुरी कोणाकडं न पाहता सरळ वर चढली, पाय मारून मारून खड्डा केला. चांदी जराशी वर सरकली तं तिले एक चापट बसली. मी उठायले लागली.

"राहू दे," मोठी आई म्हणाली, "नखं नाही काढले तिनं."

चांदी खाली सरकली, पंजे पोटाखाली घेतले. भुरीनंबी डोळे मिटले.

"कापसाले केस लागतीन ना!" मोठे बाबा मागून म्हणाले.

"हळू बोला जी, आत्ताच डोळा लागला."